होळीतून काढलेलं लाकूड

सरांबद्दल मी लिहावं का, हा प्रश्न कागद पुढे घेतल्यापासून मला पडला आहे. आमच्या विभागात पीएच.डी. झालेली माणसं आहेत, सरांबरोबर सगळी नोकरी काढलेली माणसं आहेत. आमच्या घरात मात्र आजवर लिहिलं गेलेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे धाकट्या आत्याच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, आणि त्यातलाही निम्मा छापणाऱ्याने स्वतःच्या मनाने घातलेला. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण बाकीचे लोक लिहितील तेव्हा 'व्यासंगी', 'ऋषितुल्य' वगैरे लिहितील, आणि सर तसे अजिबात नव्हते. ते शेंबडाच्या मागे लागलेले गृहस्थ होते. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणायचे.

"पुस्तकात काय लिहिलंय? श्लेष्मकवक. श्लेष्म म्हणजे शेंबूड. कवक म्हणजे बुरशी. आता हा शेंबूड नाही आणि बुरशीही नाही. एवढं सोडलं तर नाव अगदी बरोबर आहे."

वनस्पतिशास्त्राच्या तासाला मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी विचुंबे गावाहून आलेली, आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. नवी वही उघडून तारीख घालून बसले होते. आमच्याकडे जेवताना शेंबूड शब्द काढला तर आई पळी उगारते, आणि इथे तो फळ्यावर, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. मी तो वहीत उतरवला. उतरवायचा की नाही हे कोणाला विचारायचं तेच कळेना.

सर स्वतः या जिवांना 'मंडळी' म्हणायचे. "मंडळी आली आहेत, चला," असं म्हणून तास मध्येच सोडून आम्हाला कॉलेजच्या मागच्या आवारात न्यायचे. तिथे कुंपणाशी एक आंब्याचं ओंडकं पडलेलं होतं. वादळात पडलेल्या झाडाचं बाकीचं लाकूड कंत्राटदाराने नेलं, हा तुकडा आतून पोकळ म्हणून राहिला, आणि सरांनी तो आपला मानला. सरांच्या गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग असायचं. खिशात न्हाव्याकडे असते तशी पाणी उडवायची बाटली. ओंडक्यासमोर ते सरळ पालथे पडायचे. शर्टाचं काय होईल हा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे, आणि बहुतेक शर्टाच्याही नसावा.

पहिल्या वर्षी, ऑगस्टमध्ये, मी पहिल्यांदा त्या भिंगातून पाहिलं. नुसत्या डोळ्यांना तिथे काळपट डाग दिसत होता. भिंगातून पाहिलं तर टाचण्या होत्या. पांढऱ्या काडीच्या टाचण्या, आणि प्रत्येकीच्या डोक्याला मोराच्या मानेचा रंग. डोकं जरा हलवलं की निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा सोनेरी. बाजूला तांबूस केसांचे झुबके, कोणीतरी बाहुलीसाठी ब्रश करून ठेवल्यासारखे. आणि एका खाचेत पांढरं काहीतरी बारीक फुललेलं. माझ्या आजोळी उरणकडे मिठागरं होती, तिथे बांधाच्या कडेला पहिलं मीठ धरतं ना, हुबेहूब तसं. मी ते सरांना सांगितलं आणि लगेच लाजले, कारण उदाहरण शास्त्रीय नव्हतं.

"चाखून बघितलंस?" सर म्हणाले.

"नाही सर!"

"बरं केलंस. मी बघितलंय. मिठासारखं नाही लागत."

आणि मग ती पिवळी. बाकीच्या टाचण्या, झुबके ही सगळी मंडळींची शेवटची अवस्था, बी धरल्यासारखी. त्याआधी ती जाळ्यासारखी पसरून चालतात, आणि पिवळं जाळं हे सरांचं सगळ्यात लाडकं. हळदीच्या दुधासारखा रंग, शिरांचं जाळं, हाताएवढं मोठं, आणि सगळं मिळून पेशी एकच. मेंदू नाही, तोंड नाही, पोट नाही. तरी ते सरकत सरकत बरोबर खाण्यापाशी पोचतं.

"ज्याला मेंदू नाही, तोंड नाही, आणि तरी खातो, असा दुसरा जीव कोणता?" सर विचारायचे. आम्ही वहीत शोधायचो. "समिती," सर म्हणायचे, आणि तेव्हा प्राचार्य व्हरांड्यातून जात असले तर जरा मोठ्याने म्हणायचे.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी आम्हाला त्याच्या शिरेतला प्रवाह दाखवला. आतला रस एका बाजूला वाहतो, वाहतो, थांबतो, आणि उलटा फिरतो. "भरती-ओहोटी बघायला उरणला मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन बसता," सर म्हणाले, "इथे मिनिटामिनिटाला आहे, आणि लाँचचं तिकीटही नाही." माझी पाळी झाल्यावर मी पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले. सरांनी पाहिलं आणि काच पुन्हा नीट सरकवून ठेवली.

सरांना कोलेस्टेरॉल होतं, म्हणून घरून डब्यात रोज ओट्स यायचे. त्यातले अर्धे ते स्टाफरूमच्या कपाटातल्या एका स्टीलच्या डब्यात घालायचे. त्या डब्यात पिवळ्याचा एक तुकडा पाळलेला होता. "डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पथ्य तो पाळतो," असं सर म्हणायचे. "त्याची तब्येत बघा. रिपोर्ट मात्र माझा काढतात." पुढे एका सहकाऱ्यांनी मुरांबा समजून तो डबा उघडला आणि पिवळ्यासकट डबा स्टाफरूमबाहेर फेकला गेला.

समोरच्या प्राणिशास्त्र विभागाच्या मॅडमशी सरांचं जुनं भांडण होतं, आणि मला वाटतं दोघांनाही ते फार आवडायचं. हल्लीच्या वर्गीकरणात मंडळी अमीबाच्या जवळची मानतात. म्हणून सर दर जूनला मॅडमच्या दारात उभे राहायचे.

"मॅडम, तुमच्या अमीबाचा भाऊ आमच्याकडे पडलाय. घेऊन जा."

"भाऊ असेल, पण वाढला तुमच्या घरात. तुम्हीच निस्तरा."

"म्हणजे अनाथ म्हणा की!"

"सर, अनाथ तो नाही. तुम्ही आहात. त्याला कळलंही नाहीये कोणी टाकलंय ते."

हे सगळं पहिल्या वर्षापर्यंतचं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती. तीच, मेंदू आणि तोंड नसलेली. आवार स्वच्छ दिसावं म्हणून कोणीतरी झाडांच्या बुंध्यांना चुना लावला, गटारात फिनेल ओतलं, आणि त्याच झपाट्यात ओंडक्यावरही फिनेलची फवारणी झाली. सर त्या दिवशी पेपर तपासायला मुंबईला गेले होते. परत आले तेव्हा पिवळं जाळं कुठेच नव्हतं. त्या वर्षी मंडळींपैकी कोणीही आलं नाही. टाचण्या नाहीत, झुबके नाहीत, काही नाही.

सर आठवडाभर ओंडक्यापुढे पालथे पडून भिंगाने शोधत राहिले. मग उठून म्हणाले ते एवढंच: "मेलेलं नाही. झोपलंय." परिस्थिती वाईट झाली की पिवळं सुकून कडक पापडी होतं आणि लाकडाच्या आत पडून राहतं, महिनोन्‌महिने, कधी वर्षंसुद्धा. पाणी आणि बरे दिवस मिळाले की पुन्हा उठतं. पुस्तकात हे आहे. पण फिनेल प्यायलेलं उठतं का, हे पुस्तकात नाही.

"सर, ते गेलं," प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या भांडणाच्या सुरात बोलल्या नाहीत, आणि त्याचाच सरांना जास्त राग आला.

"पुढच्या पावसात दाखवतो," सर म्हणाले. पण पुढच्या पावसात ते कॉलेजात असणार नव्हते. एप्रिलअखेर ते निवृत्त होऊन मुलीकडे बंगळुरूला जायचे होते.

आणि मार्चमध्ये ओंडकं चोरीला गेलं.

चोरीला गेलं असं कॉलेज म्हणत होतं. आमच्या गावात याला चोरी म्हणत नाहीत. होळीच्या आधी आठ-पंधरा दिवस पोरं लाकडं गोळा करतात, आणि होळीसाठी कोणाच्याही दारातलं लाकूड उचललं तर मालकाने तक्रार करायची नसते. मालकाने फार तर शिव्या द्यायच्या, त्या चालतात, त्यांचंही पुण्य लागतं म्हणे. पूर्वी वाडीवाडीतून लाकूड मिळायचं. आता वाड्यांच्या जागी बिल्डिंगा झाल्या, तेव्हा पोरं बांधकामावरच्या सेंटरिंगच्या फळ्या, सोसायट्यांनी टाकलेले सोफे असं काहीही आणतात. त्या आठवड्यात वॉचमन लोक बागेतली बाकडी साखळीने बांधून ठेवतात. आमच्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, कॉलेजच्या कुंपणाला पडलेलं भगदाड माहीत होतं. चौघांनी मिळून ओंडकं टेंपोत घातलं.

होळीच्या दिवशी दुपारी सरांचा मला फोन आला. टेंपो कुठल्या गावचा, ते कॉलेजच्या वॉचमनने त्यांना सांगितलं होतं. "ती पोरं तुमच्या गावची ना? मी रिक्षात आहे. कुठे उतरू?"

मी देवळाजवळ उतरा म्हणाले आणि तिकडे धावत गेले. होळी रचून झाली होती. मधे उभा खांब, त्याला आंब्याचे डहाळे, भोवती लाकडांचा ढीग, आणि ढिगाच्या तळाशी, बरोबर मध्ये, सरांचं ओंडकं. सर त्याच्यापुढे उकिडवे बसून भिंग लावून बघत होते आणि पन्नासेक माणसं सरांकडे बघत होती. होळीचा मान आमच्या मोठ्या काकांकडे असतो. ते कमरेवर हात ठेवून उभे होते.

"दादा, तुम्ही हे चोरलंत?" मी विचारलं.

"चोरलं नाय. होलीला नेलं," दादा म्हणाला. त्याला खरोखर फरक वाटत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सर उठले. "हे काढा यातून."

"मास्तर," काका म्हणाले, "होलीला वाह्यलेला लाकूड परत निघत नाय. आमी नाय काढत, तुमी नाय काढायचा."

"ते लाकूड नाहीये."

"मंग काय हाय?"

"घर आहे."

"कोनाचा?"

सरांनी सांगायला सुरुवात केली. एकच पेशी, मेंदू नाही, तोंड नाही, चालतं, खातं, पिवळं असतं. पन्नास माणसं शांतपणे ऐकत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "याला मुंबैला डाक्टरकडं न्या कोनीतरी." काकांनी ओंडक्याला पायाने एक दणका दिला. सालीतून एक मुंगळा बाहेर आला.

"यो?"

"तो नाही. तो भाडेकरू."

"मंग मालक कवा येनार?"

"पावसात. आता झोपलाय."

"चार म्हयने झोपतो? तसा एक माज्या घरात बी हाय," काका दादाकडे बघून म्हणाले, आणि सगळे हसले. सर नाही हसले. ते खाली बसून, दणक्याने सुटलेली साल हाताने दाबून जागेवर बसवत होते. मी त्यांना विनोद करताना पाहिलं होतं, चिडताना पाहिलं होतं, असं कधी पाहिलं नव्हतं. ते काकांनीही पाहिलं असावं, कारण त्यांचं हसू थांबलं. ते माझ्याकडे वळले.

"बाय, तू शिकतेस. तू सांग. खरंच जीव हाय ह्याच्यात?"

मला माहीत नव्हतं. सरांनाही माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या ते गेलं, आणि मॅडम हुशार आहेत. मी खोटं बोलले तर गावात तोंड दाखवता येणार नव्हतं, आणि नाही म्हणाले तर संध्याकाळी त्याची राख होणार होती. मी शाळेत मराठी शुद्ध बोलायला शिकले, कॉलेजात जास्तच शुद्ध बोलते. त्या दिवशी तोंडातून निघालं ते घरचं.

"हाय, काका."

काकांनी ओंडक्यावरचा मुंगळा बाजूला झटकला. मग म्हणाले, "जित्ता जीव होलीत नाय जालत. पन होलीची जागा रिकामी बी नाय ठेवत. मास्तर, ह्याच्या बदल्यात ह्याच्यापेक्षा चांगला लाकूड आना. दिवेलागणीच्या आत."

असा नियम आमच्या गावात आधी होता की काकांनी तो तिथेच केला, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

सर दादाला आणि टेंपोला घेऊन गेले आणि ऊन कलायच्या सुमाराला परत आले. टेंपोत सागवानी पोडियम होतं. कॉलेजच्या सभागृहातलं जुनं, पुढच्या बाजूला कॉलेजचं बोधचिन्ह कोरलेलं. नवं चकचकीत अ‍ॅक्रिलिकचं आल्यापासून ते निर्लेखित करून, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या यादीतून काढून, आमच्या प्रयोगशाळेच्या मागे टाकलं होतं.

"सर, हे कॉलेजचं आहे," मी हळूच म्हणाले.

"याच्यावर हात ठेवून मी आजवर जेवढं बोललो, ते सगळं ऐकणाऱ्यांच्या डोक्यात केव्हाच राख झालंय," सर म्हणाले. "हे तेवढं मागे राहिलं होतं."

काकांनी पोडियमवर बोटांनी टिचक्या मारून पाहिलं. "सागवान हाय," ते म्हणाले, आणि ओंडकं बाहेर काढायला स्वतः पुढे झाले. बोधचिन्हाची बाजू आतल्या अंगाला करा, एवढं मात्र त्यांनी पोरांना बजावलं. विद्येच्या गोष्टीला उगाच पाय लागायला नको.

होळी पेटल्यावर आमच्याकडे नावं घेऊन बोंबा मारतात. सरपंच, बिल्डर, वायरमन, कोणी सुटत नाही. त्या वर्षी पोरांनी मास्तराच्या नावाने बोंब मारली. मला वाटलं सरांना वाईट वाटेल. सरांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, तोंडावर उलटा हात घेतला आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या नावाने अशी काही बोंब ठोकली की बिल्डिंगच्या गॅलऱ्यांतले लोक बाहेर आले. काका मला म्हणाले, "मास्तर चांगला हाय गो. डोकं तेवढं नाय."

ओंडकं आमच्या घरी, मोरीजवळ पागोळीच्या कडेला ठेवलं. आईला सरांनी हात जोडून सांगितलं की याच्यावर पावसाशिवाय काही पडू देऊ नका, साबणाचं पाणी तर नाहीच. आई पदर तोंडावर धरून हसत राहिली. एवढा मोठा माणूस लाकडासाठी हात जोडतो, हे तिने आत्यालाही फोन करून सांगितलं.

पोडियमबद्दल कॉलेजने सरांना मेमो दिला. निर्लेखित असलं तरी मालमत्ता होती, असं त्यात म्हटलं होतं. निवृत्तीच्या समारंभात सर अ‍ॅक्रिलिकच्या मागे उभे राहिले, म्हणाले, "याची माझी ओळख नाही," आणि खाली बसले. लोकांना वाटलं ते भारावले आहेत.

जूनपासून दर रविवारी बंगळुरूहून फोन यायचा. माझा निकाल, माझी तब्येत, काही विचारायचे नाहीत.

"मंडळी?"

"नाही सर."

"बरं. घाई नाही त्यांना."

जुलै गेला. ओंडक्याला शेवाळ आलं, दोन कुत्र्याच्या छत्र्या आल्या, आणखी काही नाही. गावात मला लोक विचारायचे, "काय गो, उठला का तुजा लाकूड?" दादा तर वाटेत दिसलं की मान कलती करून घोरून दाखवायचा. कॉलेजात मॅडमनी एकदा विचारलं, मी नाही म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "सरांना एकदम सांगू नकोस, हळूहळू सांग." काका चहाला आले की ओंडक्याकडे नजर टाकायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. ते सगळ्यांत वाईट होतं. मी पूर्ण गावासमोर हाय म्हणाले होते. एका रविवारी सरांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही, मुलीच्या घराखालच्या बागेबद्दल बोलले, आणि ठेवताना म्हणाले, "आईला सांग, चुलीला लाकूड लागलं तर... बघा." मी म्हणाले गॅस आहे सर आमच्याकडे.

श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी काका आमच्याकडे आले होते आणि निघताना पावसाने झोडपायला सुरुवात केली. पायात नवी कोल्हापुरी होती. ती भिजू नये म्हणून त्यांनी ती मोरीजवळ आडोशाला ठेवली आणि अनवाणीच घरी गेले. सकाळी ते ती न्यायला आले आणि अंगणातून असा आवाज आला की आई सांडशी घेऊन धावली, तिला वाटलं साप.

"कोन ओकलाय माज्या चपलेवर?"

मी बाहेर गेले. ओंडक्याच्या पोकळीतून एक पिवळी शीर निघाली होती, फरशीवरून आली होती, आणि काकांच्या उजव्या चपलेवर पोचून तिचं झाड झालं होतं. पट्ट्यावरून, अंगठ्याच्या कडीतून, टाचेच्या खोलगटात, सगळीकडे बारीक बारीक शिरांचं जाळं. ओलं, चमकणारं. हळदीच्या दुधाच्या रंगाचं.

मी आत जाऊन सरांनी जाताना दिलेलं भिंग आणलं, काकांना उकिडवं बसवलं आणि जाड शिरेवर धरलं. काका बराच वेळ बघत राहिले. आई म्हणाली, चहा टाकू का?

"पोरी," काका हळू आवाजात म्हणाले, "यो आत वाहतोय."

मी सरांना फोन लावला. वार रविवार नव्हता, त्यामुळे सरांनी उचलल्या उचलल्या "काय झालं?" विचारलं. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मास्तर? मी होलीवाला. ऐकताव ना? तुमचा मालक उठला. नाय, घरात नाय, फिरायला निघालाय. माज्या चपलेवर बसलाय... नाय नाय, चपलेचा काय नाय, दुसरी हाय मला. हात नाय लावत कोनी. मी हाय हितं उभा."

पलीकडून सरांनी काहीतरी विचारलं.

"रंग?" काका म्हणाले. त्यांनी चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चपलेकडे पाहिलं. "पिवला... नाय, थांबा मास्तर. नीट बघून सांगतो." आणि फोन कानाला तसाच धरून ते पुन्हा उकिडवे बसले.